गावच्या दफ्तरातील महायुद्ध
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



महायुद्धाचा इतिहास म्हटला की सेनापती, आरमारे, तहनामे आणि नकाशावरचे बाण डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या इतिहासाला ग्रंथांची वाण नाही. परंतु त्याच युद्धाचा आणखी एक इतिहास असतो. तो शाळेच्या रोजनिशीत, चर्चच्या विवाहनोंदीत, जिल्ह्याच्या साप्ताहिकाच्या आतल्या पानावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकेतल्या पत्रांत विखुरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्या अमेरिकी सैनिकांचा इतिहास हा अशा स्थानिक इतिहासाचा एक बोलका नमुना आहे. गोव्यातील एका मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत इतक्या दूरचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर विषयातच आहे. या इतिहासातील कित्येक हरवलेली माणसे राजधानीच्या दफ्तरखान्यात सापडली नाहीत. ती गावच्या कागदांत सापडली, आणि ते कागद सांभाळण्याच्या कामात ग्रंथालयांचा वाटा मोठा होता.

प्रथम घडले काय ते पाहू. अमेरिकी सैन्याची पहिली मोठी तुकडी २६ जानेवारी १९४२ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट बंदरात उतरली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या तयारीसाठी हा ओघ वाढत गेला, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीच्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख अमेरिकी सैनिक होते. युद्ध संपेपर्यंत या बेटांवर येऊन गेलेल्यांची एकूण संख्या ३० लाखांच्या घरात जाते. इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉर्फक, सफक, एसेक्स, केंब्रिजशर या परगण्यांत अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे तळ होते. काही शेकडा वस्तीच्या खेड्याच्या शिवारात विमानतळ बांधला जाई आणि तेथे अडीच-तीन हजार तरुण येऊन राहत. १९४० पासून साखर, लोणी आणि मांस शिधापत्रिकेवर मोजून घेणाऱ्या त्या गावांत हे तरुण चॉकलेट, सिगारेटी आणि नाचाचे नवे संगीत घेऊन आले. त्यांतले पुष्कळ परत गेले नाहीत. एकट्या आठव्या हवाई दलाचे सुमारे २६,००० लोक मृत्युमुखी पडले. केंब्रिजजवळ मॅडिंग्ली येथील अमेरिकी दफनभूमीत ३,८०० हून अधिक कबरी आहेत, आणि तेथील भिंतीवर बेपत्ता झालेल्या ५,१२७ जणांची नावे कोरलेली आहेत.

एवढा मोठा जनसमुदाय तीन-साडेतीन वर्षे एका देशात राहून गेला, म्हणजे त्याची बारीकसारीक नोंद असणारच, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. १९४१ साली ब्रिटनमध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. इंग्लंड व वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेची मूळ पत्रके डिसेंबर १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये नागरिकांची राष्ट्रीय नोंदणी झाली होती, परंतु ती अमेरिकी सैनिक येण्यापूर्वीची. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने अमेरिकी सैनिकांवरील फौजदारी खटले अमेरिकेच्या लष्करी न्यायालयांकडे सोपविले. त्यामुळे ब्रिटिश न्यायालयांची दफ्तरे त्यांच्याबाबतीत बहुधा मौन बाळगतात. वृत्तपत्रांवर सेन्सॉरची नजर होती. कोणती तुकडी कोणत्या गावी आहे, हे छापण्याची मुभा नव्हती. वर्तमानपत्रात नाचाचा कार्यक्रम असे, मुलांना दिलेली नाताळची मेजवानी असे, क्वचित एखादा विवाह असे. परंतु तळाचे आणि तुकडीचे नाव मात्र गाळलेले असे.

राहता राहिली अमेरिकी लष्कराची स्वतःची दफ्तरे. त्यांचे काय झाले, ही गोष्ट दफ्तराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक सैनिकाची सेवापुस्तिका मिझुरी राज्यातील सेंट लुइस येथील एका प्रचंड सरकारी इमारतीत ठेवलेली होती. १२ जुलै १९७३ रोजी तिच्या वरच्या मजल्यास आग लागली. ती पुरती विझविण्यास कित्येक दिवस लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सेवापुस्तिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची कागदपत्रे त्यांत होती. युद्धकाळी विमानदळ हे भूदलाचाच भाग असल्याने वैमानिकांचे कागदही त्यांत होते. या पुस्तिकांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, त्यांची सूक्ष्मचित्रफीत काढलेली नव्हती, आणि नेमके काय जळाले हे सांगणारी सूचीही नव्हती.

अशा वेळी संशोधकाने काय करावे? येथे स्थानिक साधनांचे महत्त्व कळते. काही लष्करी कागद अन्यत्र असल्याने वाचले होते. प्रत्येक कंपनीचा रोजचा हजेरी-अहवाल, बेपत्ता विमानांचे अहवाल, मृतांच्या दफनाची कागदपत्रे, ही त्यांतली मुख्य. परंतु हे कागद तुकडीवार लावलेले आहेत. माणूस कोणत्या तुकडीत होता हेच ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. तुकडी कळते ती गावावरून. समजा, एखाद्या वृद्धेला एवढेच आठवते की १९४४ च्या वसंत ऋतूत अमुक खेड्याजवळचा एक तरुण त्यांच्या घरी रविवारी जेवावयास येत असे. जिल्हा दफ्तरखान्यातील नकाशावरून त्या खेड्याजवळचा तळ कळतो. तळावरून त्या महिन्यांत तेथे असलेली तुकडी कळते. तुकडीवरून हजेरी-अहवाल उघडता येतात. चर्चच्या विवाहनोंदीत वराचे नाव, हुद्दा आणि त्याच्या वडिलांचे नाव असते. शाळेच्या मुख्याध्यापकाने लिहिलेल्या रोजनिशीत अमेरिकी पाहुणे केव्हा आले, कोणत्या दिवशी शाळा बंद ठेवावी लागली, याची तारीख असते. ज्येष्ठांच्या आठवणीला तारखेचा आधार आणि तारखेला आठवणीचा अर्थ असे दोन्ही जोडले गेले, म्हणजे माणूस उभा राहतो. मराठी वाचकास ही रीत अपरिचित नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, ती गावोगावच्या वाड्यांतील रुमाल सोडूनच.

तथापि आठवण आणि कागद यांची सांगड घालताना दोन्हींची पारख करावी लागते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डेव्हन परगण्यातील स्लॅप्टनचा किनारा. नॉर्मंडीच्या किनाऱ्याशी त्याचे साम्य असल्याने अमेरिकी सैन्याच्या सरावासाठी तो निवडला गेला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेथील खेड्यांतून सभा घेऊन लोकांना सांगण्यात आले की २० डिसेंबरपूर्वी घरे, शेते, गुरे सोडून निघावे. सुमारे ३,००० माणसांनी ३०,००० एकरांचा मुलूख रिकामा केला. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे, ऐन अंधारात, त्या किनाऱ्याकडे सरावासाठी येणाऱ्या जहाजांच्या तांड्यावर जर्मन वेगवान नौकांनी अचानक हल्ला चढविला. दोन जहाजे बुडाली, एकाची मोडतोड झाली, आणि निदान ७४९ अमेरिकी सैनिक व खलाशी मरण पावले. स्वारी जवळ आली असल्याने ही वार्ता गुप्त ठेवण्यात आली.

पुढे केन स्मॉल नावाचे गृहस्थ टॉरक्रॉस येथे अतिथिगृह चालवू लागले. किनाऱ्यावर फिरताना त्यांना गोळ्या, गणवेशाची बटणे अशा वस्तू सापडू लागल्या. कोळ्यांकडून समुद्राच्या तळाशी असलेल्या एका रणगाड्याचा सुगावा लागला. १९७४ साली त्यांनी अमेरिकी सरकारकडून तो रणगाडा ५० डॉलरांना विकत घेतला, आणि दहा वर्षांच्या खटपटीनंतर १९८४ साली वर काढून त्या मृतांचे स्मारक म्हणून टॉरक्रॉस येथे उभा केला. एका सामान्य रहिवाशाच्या चिकाटीचे हे फळ होय. परंतु त्याबरोबर एक दंतकथाही पसरली, की ही दुर्घटना चाळीस वर्षे सरकारने दडवून ठेवली होती. ती कथा कागदावर टिकत नाही. आयझेनहॉवर यांच्या पदरी असलेले अधिकारी हॅरी बुचर यांच्या रोजनिशीचा ग्रंथ १९४६ सालीच प्रसिद्ध झाला होता आणि त्यात या घटनेचा उल्लेख आहे. म्हणजे माहिती छापील रूपात उपलब्ध होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. दडवलेले आणि न वाचलेले यांत संशोधकाने भेद केला पाहिजे. ग्रंथालयात बसणाऱ्यास हा भेद विशेष जाणवावा.

याउलट काही गोष्टी खरोखरच बाजूला सारल्या गेल्या. त्या काळी अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत, आणि त्यांना बहुधा मालवाहतूक, बांधकाम अशीच कामे दिली जात. ब्रिटनमध्ये असे सुमारे १,३०,००० सैनिक होते. लँकेशरमधील बॅम्बर ब्रिज या गावी २४ जून १९४३ च्या रात्री एका मद्यगृहाबाहेर कृष्णवर्णीय सैनिक आणि गोरे लष्करी पोलीस यांच्यात बाचाबाची झाली. पुढे गोळीबार होऊन एक कृष्णवर्णीय सैनिक मरण पावला व काही जखमी झाले. तीस-बत्तीस सैनिकांना बंडाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या. त्या पुढे कमी करण्यात आल्या. आठव्या हवाई दलाचे सेनापती आयरा एकर यांनी दोषाचा मोठा भाग गोऱ्या अधिकाऱ्यांकडे व लष्करी पोलिसांकडे जातो असे मानले. युद्धकाळी या घटनेची फारशी वाच्यता झाली नाही. गावातले लोक मात्र आपल्या मुलांना सांगत राहिले की ते सैनिक सभ्य होते आणि गाव त्यांच्या बाजूने होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील एका बँकेच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा आढळल्या आणि जुन्या आठवणींना पुन्हा वाचा फुटली.

बाथ शहराजवळचा १९४४ मधील प्रसंगही असाच आहे. बलात्काराच्या आरोपावरून एका कृष्णवर्णीय सैनिकास अमेरिकी लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली. पुराव्याविषयी परिसरात तीव्र शंका होती. एका स्थानिक बेकरीवाल्याने पुढाकार घेतलेल्या अर्जावर ३३,००० लोकांनी सह्या केल्या, आणि आयझेनहॉवर यांनी ती शिक्षा रद्द केली. अमेरिकी सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा हुकूम निघाला तो २६ जुलै १९४८ रोजी. ३३,००० सह्यांचा तो अर्ज त्याच्या चार वर्षे आधीचा आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, गेलेल्या गोष्टी उकरून काढण्यात कोणाचे काय हित? या प्रश्नाला उत्तर देण्याचा खरा अधिकार त्या मुलांचा आहे, ज्यांचे वडील या सैन्यात होते. सुमारे ७०,००० ब्रिटिश तरुणींनी अमेरिकी सैनिकांशी विवाह केला असा अंदाज आहे. परंतु विवाहासाठी सैनिकाला वरिष्ठांची परवानगी लागे. कृष्णवर्णीय सैनिकाला गोऱ्या तरुणीशी विवाह करण्याची परवानगी जवळजवळ कधीच मिळत नसे. अशा जोडप्यांची सुमारे २,००० मुले ब्रिटनमध्ये जन्मली. त्यांतली पुष्कळ बालगृहांत वाढली. विवाह न झालेल्या मातांच्या मुलांच्या, मग ती कोणत्याही वर्णाची असोत, जन्मनोंदीत वडिलांचा रकाना बहुधा कोराच राहिला.

ही मुले मोठी झाली, चाळिशी-पन्नाशीला आली, आणि वडिलांचा शोध घेऊ लागली. हाती असे ते एखादे छायाचित्र, एखादे टोपणनाव, एखाद्या तळाचे नाव. सेंट लुइसला लिहावे तर कागद जळाल्याचे, नाहीतर खासगी माहिती देता येत नसल्याचे उत्तर येई. अखेर अशा मुलांच्या 'वॉर बेब्स' या संघटनेने अमेरिकेच्या माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली वॉशिंग्टन येथील न्यायालयात दावा लावला. १९९० साली तडजोड होऊन सरकारने संबंधित सैनिकाचे निदान शहर व राज्य सांगण्याचे मान्य केले. अलीकडे आनुवंशिक चाचण्यांमुळे आणखी कित्येकांना आपले नातेवाईक सापडले आहेत. परंतु चाचणी नाते सांगते. तो माणूस कोण होता, त्या गावी केव्हा आला, केव्हा व का गेला, हे सांगत नाही. त्यासाठी हजेरी-अहवाल, साप्ताहिकाची फाइल आणि शेजाऱ्याची आठवणच लागते. सोडून गेला असे ज्याच्याविषयी आयुष्यभर वाटत राहिले, तो विमानासह उत्तर समुद्रात पडला होता की परवानगी नाकारून त्याची दुसरीकडे बदली केली होती, हे कळणे मुलाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

हे काम करणारे बहुतेक लोक व्यवसायाने इतिहासकार नव्हते. रॉजर फ्रीमन हे एसेक्समधील शेतकरी. त्यांच्या पोरवयात घराजवळ अमेरिकी विमानतळ झाला, आणि त्या विमानांचे वेड त्यांनी जन्मभर जोपासले. आठव्या हवाई दलावरील त्यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला आणि आजही प्रमाण मानला जातो. त्यांनी जमविलेली हजारो छायाचित्रे पुढे ब्रिटनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे आली. विद्यापीठांतील अभ्यासकांनी, उदाहरणार्थ डेव्हिड रेनल्ड्स यांनी १९९५ च्या आपल्या बृहद्ग्रंथात, या विषयाला व्यापक चौकट दिली. परंतु त्या चौकटीत भरण्याचा तपशील पुष्कळदा असल्या हौशी लोकांच्या वह्यांतून आला आहे.

आता ग्रंथालयाकडे वळू. नॉर्फकमध्ये या हवाई दलाचे दुसरे डिव्हिजन होते. १९४५ साली मायदेशी परतण्यापूर्वी त्यातील सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ वर्गणी गोळा केली. सुमारे २०,००० पौंड जमले. पुतळा किंवा विजयस्तंभ उभारण्याऐवजी त्यांनी नॉरिच शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक स्मारक-दालन करण्याचे ठरविले. ते १९६३ साली उघडले. तेथे जवळजवळ ७,००० मृतांच्या नावांची वही ठेवलेली असे, आणि भोवती शहरातल्या कोणत्याही वाचकास घेता येतील असे अमेरिकेविषयीचे ग्रंथ. १ ऑगस्ट १९९४ रोजी नॉरिचचे ते मध्यवर्ती ग्रंथालय आगीत जळाले. स्मारक-दालनाचा ग्रंथसंग्रहही त्यात गेला. परंतु वृद्ध सैनिक, त्यांची कुटुंबे आणि नॉर्फकचे नागरिक यांनी ते पुन्हा उभे केले, आणि २००१ साली नव्या इमारतीत ते वाचकांसाठी खुले झाले.

सेंट लुइसची आग आणि नॉरिचची आग शेजारी ठेवून पाहाव्यात. सेंट लुइसला सारे कागद एकाच छपराखाली होते आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. नॉरिचचे दालनही जळाले, परंतु त्याच्याभोवती त्या कागदांशी जिव्हाळा असलेली माणसे होती, आणि त्यांच्या घरी पत्रे, छायाचित्रे, पुस्तके होती. ग्रंथालय हे इमारतीखेरीज आणखी काय असते, ते येथे दिसते.

हाच विचार आपल्या भूमीला लावून पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये, तटस्थ पोर्तुगालच्या अमलाखालील मुरगाव बंदरात 'ग्रिप्सहोम' आणि 'तेइया मारू' ही दोन जहाजे आली, आणि सुमारे १,५०० अमेरिकी व इतर दोस्त राष्ट्रांच्या नागरिकांची जपानी नागरिकांशी अदलाबदल झाली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित काही वर्षे राहिले. या घटनांची सरकारी बाजू परदेशांतील दफ्तरांत मिळेल. परंतु त्या दिवसांत बंदरावर ओझी वाहणाऱ्यांनी काय पाहिले, भाजी आणि दूध कोणी पुरविले, शाळांत काय बोलले गेले, हे मिळाले तर येथील घरांतून आणि येथील ग्रंथालयांतूनच मिळेल. ते पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या मुलांच्या आठवणी आणि तिचे कागद अद्याप आहेत.

म्हणून शताब्दीनिमित्त काही साध्या कामांची निकड लक्षात घ्यावी. जुन्या स्थानिक नियतकालिकांच्या फाइली, कितीही जीर्ण असोत, रद्दीत जाऊ देऊ नयेत. शाळांच्या रोजनिश्या, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या, संस्थांची इतिवृत्ते ग्रंथालयाने मागून घ्यावीत, निदान त्यांची नक्कल करून ठेवावी. प्रत्येक छायाचित्रामागे नावे, गाव आणि साल लिहावे. ज्येष्ठांच्या आठवणी टिपून घेताना सांगणाऱ्याचे नाव व टिपल्याची तारीख नोंदवावी. आणि जे जे मोलाचे आहे त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. यांपैकी एकाही कामास मोठा निधी लागत नाही. एक कपाट, एक सूची आणि आठवड्यातून दोन तास देणारी चार माणसे एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो.

उद्या कोणी अनोळखी माणूस या ग्रंथालयाच्या दाराशी येईल आणि आजोबांचे नाव सांगून विचारील, की त्यांच्याविषयी येथे काही मिळेल काय. त्याला दाखविण्यासारखा एक तरी कागद येथे असावा, एवढी तरतूद या शताब्दी वर्षात व्हावी.